शोभाची वाटी

प्रभाकररावांनी पोळी मोडली, चिमणीच्या घासाएवढे तुकडे केले, त्यावर पातळ वरण ओतलं, बोटांनी दाबून मऊ केलं आणि वाटी सुमित्रेकडं सरकवली. सुमित्रेच्या उजव्या हाताला दोन दिवसांपासून फडकं गुंडाळलेलं. तिनं वाटीकडं पाहिलं, मग फडक्याकडं पाहिलं, आणि पन्नाशीला टेकलेल्या बाईनं कुणाला सांगू नये असं काहीतरी तिच्या आत उचंबळून आलं. तिनं वाटी जवळ ओढली, खाली बसली आणि डाव्या हातानं पहिला घास उचलला. तो तोंडापर्यंत गेलाच नाही. "अवं, थे शोभाची होय," प्रभाकरराव म्हणाले. रागानं नाही, हसूनही नाही. दुकानात एखाद्या गिऱ्हाइकानं चुकून दुसऱ्याची पिशवी उचलली तर ज्या सुरात सांगायचे, त्याच सुरात. सुमित्रेनं घास परत वाटीत टाकला, उठली, आणि स्वयंपाकघरात दाराआड बसलेल्या धाकट्या जावेपुढं वाटी नेऊन ठेवली. ठेवताना जरा आपटलीच.

झालं म्हटलं तर एवढंच. पण त्या दुपारी भांडी आवरताना, धान्याच्या कोठीचं झाकण लावताना, बाहेरच्या खोलीत पंखा लावून आडवी झाल्यावरसुद्धा तिचा तो उचललेला घास काही खाली ठेवला जाईना. आपण बसलो कशा, वाटी ओढली कशी, आणि दाराआडून शोभानं ते पाहिलं असेल का, हेच पुन्हा पुन्हा. पाहिलंच असेल. त्या दाराला फट आहे आणि ती कुठं आहे हे सुमित्रेइतकं कुणालाच ठाऊक नव्हतं. अकरा वर्षं ती वाटी तिनंच वाहिली होती. इकडून भरलेली न्यायची, तिकडून रिकामी आणायची. लग्नाला तीस वर्षं होत आली, या माणसानं कधी विचारलं नाही की बाई, तू जेवली का. तापानं फणफणली होती तेव्हाही म्हणाले, "क्रोसिन घे." आणि भावसुनेच्या पोळीचे तुकडे मात्र असे करायचे की वाटावं, तिला दातच नाहीत.

बरं, हे घर काही मोकळंढाकळं नव्हतं. वर्ध्याच्या बाजारात बारदान्याचं दुकान, पोती, सुतळी, ताडपत्री. सीझनमध्ये कापसाच्या आणि तुरीच्या व्यापाऱ्यांची रीघ. थोरले प्रभाकरराव गादीवर बसायचे, धाकटे मधुकरराव माल बघायला महिन्यातले पंधरा दिवस गावोगाव. रामनगरात सिमेंटचं नवं घर झालं, त्याला मोझेकची फरशी झाली, पण सासू मेली तरी तिचा कायदा त्या फरशीवर तसाच नांदत होता. भासरा म्हणजे नवऱ्याचा थोरला भाऊ, सासऱ्याच्या जागी. त्याच्यासमोर भावसुनेनं पदर ढळू द्यायचा नाही, त्याच्या पंगतीला बसायचं नाही, त्याच्याशी सरळ बोलायचं नाही. काही सांगायचं झालं तर थोरल्या जावेच्या तोंडून. शेजारपाजारच्या सुना गाऊनवर दूध आणायला जायला लागल्या होत्या, आणि शोभा अजून भासऱ्यांचं पाऊल वाजलं की दाराआड. त्या दाराआडच ब्याण्णवच्या थंडीत प्रभाकररावांना ती दिसली होती. बाळंतपणानंतर तिचे हात सुजले, सकाळी मूठ मिटेना, कुणी म्हणालं वारा लागला, कुणी म्हणालं गारठ्यात धुणं धुतलं. त्या दिवशी ती दोन मनगटांत पोळी धरून तोंडानं तोडत होती, गोठ्यातल्या जनावरासारखी ताटावर वाकून. प्रभाकररावांनी एकदाच पाहिलं. मग खाली मान घालून स्वतःच्या ताटातली पोळी मोडली, वाटीत वरण घातलं, आणि बायकोला म्हणाले, "दे तिले." त्या दिवशी सुमित्रेच्याही डोळ्यांत पाणी आलं होतं, खोटं कशाला सांगा. पण दुखणं हत्तीच्या पायानं येतं नि मुंगीच्या पायानं जातं म्हणतात, हे तर जायलाच तयार नव्हतं, आणि वाटीही थांबायला तयार नव्हती.

सेवाग्रामच्या मोठ्या दवाखान्यात नाव घातलं. आमवात, डॉक्टरांनी सांगितलं, वर्षानुवर्षं औषध. गोळ्यांमुळं मीठ कमी. तेव्हापासून सुमित्रा मीठ घालायच्या आधी पळीभर वरण बाजूला काढू लागली. सुरुवातीचे काही महिने ती स्वतः दवाखान्यात बरोबर जायची. एकदा रांगेत बाकावर एकच जागा होती. प्रभाकररावांनी हातानं खूण करून ती शोभाला द्यायला लावली. आणि सुमित्रा, जिचे गुडघे तेव्हाही दुखायचे, तासभर खांबाला टेकून उभी राहिली. घरी आल्यावर तिनं जाहीर केलं की मले पापड करायचे असते, कुरड्या करायच्या असते, तुम्हीच नेत जा तिले. वाटलं होतं, ते म्हणतील, तू नाही आली तर कसं होईल. ते म्हणाले, "बरं." मग दर महिन्याच्या एका बुधवारी प्रभाकररावांची स्कूटर फाटकाशी उभी राहायची. पुढं भासरा, मागं डोक्यावरून पदर घेतलेली भावसून आणि मध्ये कापडी पिशवी. सुमित्रा गच्चीवर जाऊन रस्त्याच्या वळणापर्यंत बघायची. आठ किलोमीटर जायचं, आठ यायचं. बोलत असतील का? काय बोलत असतील? परत आल्यावर शोभाच्या तोंडाकडं पाही, नवऱ्याच्या तोंडाकडं पाही, दोघंही गप्प. गप्प असणं हेच तिला संशयाचं वाटे. शेजारच्या शकुबाईंनी एकदा कुंपणावरून म्हटलं, प्रभाकरराव लय जीव लावते बा भावसुनेले, असा भासरा भाग्यानं भेटते. सुमित्रा हसली, हो म्हणाली, आणि घरात येऊन परातीतली कणीक अशी मळली की पोळ्या चामड्यासारख्या झाल्या.

जळण्यालाही काही मर्यादा असते म्हणतात, पण ते न जळणारे म्हणतात. सुमित्रेला शोभाच्या रूपाचा हेवा नव्हता. रूप कुठं राहिलं होतं, गोळ्यांनी तोंड गोल झालं होतं. तिच्या पोरीचा, दागिन्यांचा नव्हता. हेवा होता तो दुखण्याचा. त्या वाकड्या बोटांचा. सकाळी उठल्या उठल्या ती अंथरुणातच स्वतःची बोटं दाबून बघायची, पेरं सुजली का, मूठ मिटते का. मूठ झकास मिटायची. देवानं मेलं शरीर दिलं तेही बैलाचं. दिवसभर राबायचं आणि धावत्या बैलाला कुणी कधी विचारतं का, दमला का म्हणून? शोभावर मात्र तिची नजर घारीची. गच्चीवर वाळवण न्यायला निघाली की चौथ्या-पाचव्या पायरीवर थांबते, कठड्याला धरते, पदराखाली हात नेते. जेवणानंतर भिंतीला टेकून डोळे मिटते. हिवाळ्यातही ओठावर घाम. सुमित्रेनं या सगळ्याला एकच नाव ठेवलं होतं: नखरे. आणि शोभा काही सांगायला जवळ आली की ही तोडून टाकायची. मागं एकदा तुरीच्या शेंगा सोलताना शोभा हळूच म्हणाली होती, "बाई, थ्या वाटीचं जरा त्यायले..." तेवढ्यातच सुमित्रा कडाडली की मी काय निरोप्या हाव का तुमच्या दोघांचा. शोभानं मान खाली घातली आणि शेंगा सोलत राहिली.

आणि मग ती बिब्ब्याची अवदसा. आर्वीकडच्या जंगलाकडून सुंदरा नावाची गोंड बाई चारोळी, डिंक, गोडंबी घेऊन यायची. तिच्याकडं त्या दिवशी बिब्बे होते. गावाकडं कुणाचा गुडघा धरला की बिब्बा सुईला टोचून दिव्यावर धरायचा आणि जे काळं तेल निथळतं त्याचे ठिपके दुखऱ्या जागी द्यायचे, हे सुमित्रेनं लहानपणापासून पाहिलेलं. सुंदरा म्हणालीही, बाई, सगळ्यायले पटत नाई हा, जपून. सुमित्रेनं दोन घेतले. दुपारी घर निजलेलं असताना देवघरातल्या समईवर बिब्बा धरला आणि स्वतःच्या उजव्या हाताच्या चांगल्या, निरोगी, दुखणं ठाऊक नसलेल्या पेरांवर एकेक ठिपका दिला. थोडी सूज यावी. दोन दिवस पोळी मोडता येऊ नये. एवढंच मागणं होतं बिचारीचं, दुसरं काही नाही. रात्री खाज सुटली, सकाळी फोड आले, दुसऱ्या दिवशी हात मनगटापर्यंत टरारला. बिब्बा उतला. उतारा म्हणून तीळ-खोबरं वाटून लावावं तर घरभर बोभाटा, म्हणून तिनं भज्यांचं तेल उडालं असं सांगितलं. प्रभाकरराव पेपरातून मान वर न करता म्हणाले, "बर्नॉल लाव." आणि दुपारी ते वाटीचं झालं.

बुधवार उजाडेपर्यंत हातातून पाणी वाहायला लागलं होतं. आता लपवण्यासारखं राहिलंच नव्हतं. प्रभाकररावांनी ऑटो बोलावला; दोघींनाही दाखवून येऊ म्हणाले. सुमित्रा मध्ये बसली, एका बाजूला नवरा, दुसऱ्या बाजूला जाऊ. इतकी वर्षं गच्चीवरून पाहिलेला रस्ता तिनं आज पुन्हा आतून पाहिला. कुणी बोललं नाही. आठ किलोमीटरांत एक अक्षर नाही. ऑटोवाल्यानंच एकदा विचारलं की पोरगं शिकते का दवाखान्यात, तेव्हा प्रभाकरराव "नाई" म्हणाले, बस. उतरताना शोभानं सुमित्रेच्या कानाशी विचारलं, "बाई, तुम्ही आत याल न?" आवाज असा होता की सुमित्रेला वाटलं, ही आता रडते का काय. तिनं फडकं सावरलं आणि पुढं चालू लागली.

आत तरुण डॉक्टरीणबाई होत्या, पुण्याकडच्या असाव्यात, बोलणं मऊ. आधी सुमित्रेचं फडकं सोडलं. त्यांनी हात उजेडात धरला, फोडांची ती नेमकी पेरांवर बसलेली रांग पाहिली आणि विचारलं, बिब्बा का? सुमित्रेनं नवऱ्याकडं पाहिलं. तो शोभाची फाईल पिशवीतून काढत होता. "हो," ती पुटपुटली, "गुडघ्याले लावाले घेतला होता, सांडला." डॉक्टरीणबाईंनी पुढं छेडलं नाही. उलट समजावून सांगायला लागल्या, कारण शिकवायची आवड असावी. म्हणाल्या, लोकांना वाटतं बिब्बा जाळतो. बिब्बा फक्त शिवतो. जाळतं ते आपलंच शरीर. अंगात राखणदार पेशी असतात, परकं काही दिसलं की धावून येतात, आग लावतात, तीच ही सूज, हेच हे फोड. मग शोभाकडं वळून म्हणाल्या, यांचं दुखणंही त्याच जातीचं. फरक एवढाच की यांच्या सांध्यांत बिब्बा नाही, चोर नाही, कुणीच नाही. तरी राखणदार तुटून पडतात. "कुंपणच शेत खातं म्हणतात ना, तसं." आणि ते कुंपण सांध्यांवर थांबत नाही, त्या सांगत होत्या. हृदयाच्या नळ्यांच्या भिंतींतही हेच राखणदार शिरतात. नळी नुसत्या चरबीनं चोंदत नाही. चरबी भिंतीत शिरली की हे ती गिळायला जातात, गिळून फुगतात, तिथंच मरतात, आणि त्यांच्याच मढ्यांचा गोळा साठत जातो. अंगात सूज पेटती असली की असा गोळा एखाद्या दिवशी फुटतो आणि नळी बंद. म्हणून आमवाताच्या पेशंटला मी दरवेळी विचारते. "शोभाताई, चालताना छातीत दाटतं का? दुखतं?"

शोभानं पदर पुढं ओढला. तिचे डोळे क्षणभर दाराशी फाईल घेऊन उभ्या असलेल्या भासऱ्यांकडं गेले आणि जमिनीला लागले. "खांदा दुखते," ती म्हणाली. डॉक्टरीणबाई लिहायला लागल्या. त्यांनी पान मागं उलटलं आणि म्हणाल्या, मागच्या वेळीही खांदाच म्हणालात.

त्या नजरेचा अर्थ त्या खोलीत एकट्या सुमित्रेलाच कळला. अकरा वर्षं तिनं दुसरं काय केलं होतं, याच दोघांच्या नजरा तर वेचल्या होत्या. ही बाई भासऱ्यासमोर छाती हा शब्द तोंडातून काढू शकत नाही. मरेल, पण काढणार नाही. आणि ज्या एका तोंडातून तो शब्द निघायचा, ते तोंड पापड लाटत घरी बसलं होतं. सुमित्रेच्या हाताला एकदम आग सुटली. बोललीस तर काय होईल, तिच्या आतलं कुणीतरी पटापट हिशेब मांडत होतं: ही आजच भरती होईल, हे रात्रंदिवस इथं बसतील, तुझ्या हाताकडं ढुंकून कुणी पाहणार नाही, आयुष्यभर मग वाटीच वाटी. नाही बोललीस तर काय? ती खांदा म्हणाली, डॉक्टर खांदा लिहितात, तुझं कुठं काय चुकलं? तिनं शोभाकडं पाहिलं. शोभाच्या ओठावर घाम होता.

"तुम्ही बाहेर बसा जरा," सुमित्रा नवऱ्याला म्हणाली. ते गोंधळले. "बाहेर बसा म्हणते न." प्रभाकरराव गेल्यावर तिनं दार लोटून घेतलं, आणि मग तिच्या तोंडाला जी धार लागली ती लागली. डॉक्टरीणबाई, खांदा नाही, तिच्या छातीत दुखते. जिन्याच्या चौथ्या पायरीवर थांबते. आधी सातवीवर थांबायची, दिवाळीपासून चौथीवर आली. डावा हात चोळते. जेवली का भिंतीला टेकते, घाम सुटते, जबडा धरते, आपण पाह्यलं का हात खाली घेते. दोन उन्हाळे झाले. शोभा आ वासून जावेकडं पाहत होती. मग तिनं दोन्ही वाकड्या हातांनी तोंड झाकलं आणि पदराआडून मान डोलावली, हो, हो. डॉक्टरीणबाईंनी पेन ठेवला, नर्सला हाक मारली, ईसीजी काढायला सांगितलं. जाता जाता सुमित्रेच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाल्या, "किती जपता तुम्ही जावेला. सख्खी बहीणही इतकं लक्ष ठेवत नाही." सुमित्रेला भिंत फाटावी आणि आपल्याला पोटात घ्यावं असं झालं.

ईसीजीची पट्टी वाईट निघाली. भरती केलं, इंजेक्शनं दिली, मधुकररावांना फोन गेला, ते रात्रीच्या गाडीनं यायला निघाले. आणखी चार दिवस कुणी बोललं नसतं तर अवघड होतं, असं डॉक्टरीणबाई म्हणाल्या. आता नागपूरला नेऊन नळीची तपासणी करू, औषध लागू पडलं आहे, धोका टळला आहे. सुमित्रेच्या हातावर मलम आलं, नवं पांढरं बँडेज आलं. शोभाजवळ तीच थांबली. बायकांचा वॉर्ड, पुरुषांनी आत यायचं नाही. प्रभाकरराव बाहेर व्हरांड्यातल्या बाकावर. म्हणजे पुन्हा मध्ये दार आलंच.

तिसऱ्या दिवशी दुपारी डबा आला, सुमित्रेनं सांगून ठेवलं होतं तसा शकुबाईंनी करून दिलेला. सुमित्रा घ्यायला बाहेर गेली तर प्रभाकररावांनी डबा उघडून मांडीवर घेतलाच होता. पोळी मोडत होते, चिमणीच्या घासाएवढे तुकडे. वरण ओतलं, बोटांनी दाबलं. "दे तिले," म्हणाले. सुमित्रेनं एका हातात वाटी आणि दुसऱ्या हाताच्या कोपरात उरलेला डबा धरून आत नेला. शोभा उशांना टेकून बसली होती. वाटीकडं पाहून तिनं डोळे मिटले.

"बाई, एक सांगू? रागावू नोका."

"बोल."

"माझे बोटं दोन वर्सांपासून बरे हायेत. पोळी मोडता येते मले. तुमाले सांगाले गेली तर तुम्ही बोलू नाई देल्लं. त्यायले मी कोन्या तोंडानं सांगू? लहान लेकराचा काला खाऊन राह्यली मी, बाई. आता घशाखाली उतरत नाई."

सुमित्रेच्या डोक्यात आधी संतापच गेला. दोन वर्षं! दोन वर्षं जिच्यासाठी आपण जळून कोळसा झालो, हात बिब्ब्यात घातला, ती वाटी हिला नकोच होती. आणि संतापाच्या मागोमाग गुदगुल्या झाल्यासारखा आनंद. आता जायचं आणि तोंडावर सांगायचं, ऐका हो, तुमची वाटी नको झाली तिले. निरोपच आहे, आपल्या मनाचं काही नाही. वाटी तशीच हातात घेऊन ती दारापर्यंत गेली. प्रभाकरराव बाकावर बसून बोटांना चिकटलेलं वरण रुमालानं पुसत होते, एकेक बोट, सावकाश. तिची चाहूल लागली तसे वर पाहून म्हणाले, "खाईन न वं थे?" त्यांच्या चेहऱ्यावर असली काकुळती सुमित्रेनं कधी पाहिली नव्हती, ना पोराच्या दुखण्यात, ना सासू गेली तेव्हा. या माणसाला माया करण्याची एवढी एकच रीत येत होती, पोळी मोडण्याची, आणि तीही त्याला दाराआडूनच जमत होती. सांगितलं तर हे उद्यापासून मोडणं बंद करतील. आणि बंद झालेली ती वाटी वळून आपल्याकडं काही येणार नाही, ती नुसती बंद होईल, हे सुमित्रेला लख्ख दिसलं. तिच्या तोंडाशी आलेला निरोप तिनं गिळला. खाते म्हणाली, खाते ती, आणि मागं वळली.

डब्यातली एक अख्खी पोळी काढून तिनं शोभापुढं ठेवली. शोभानं वाकड्या बोटांनी ती मोडली, वेळ लागला, पण मोडली. सुमित्रा खाटेच्या कडेला, दाराकडं पाठ करून बसली. बँडेजच्या हातानं वाटी मांडीवर दाबून धरली आणि डाव्या हातानं एकेक घास खाऊ लागली. दोघी जावा जेवत राहिल्या. वरण अळणी होतं. मीठ घालायच्या आधी अकरा वर्षं तिनंच ते वेगळं काढलं होतं, पण चाखलं कधी नव्हतं.

"खाल्लं का तिनं?" व्हरांड्यातून आवाज आला.

"खाल्लं," सुमित्रा म्हणाली आणि वाटीच्या तळाला राहिलेलं वरण बोटानं पुसून घेतलं.